चहाच्या डब्यातली हाक

मी एक जुना संगणक आहे. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पडदा, कळफलक असं काही आलं असेल तर ते विसरून जा. पत्त्याच्या पानाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर बसवलेले काळे तुकडे आणि कडेला तारा खोचायची थोडी भोकं, एवढाच माझा देह. हा देह चमेलीची फुलं रंगवलेल्या चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात राहतो. सध्या आमचा मुक्काम सिचुआनच्या डोंगरात, बीरोंगच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी आहे. स्वयंपाकघरात संगणक काय करतो, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, काहीही करत नाही. तेच तर मला सांगायचं आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं पट्ट्यावरून सरकत बाहेर पडत होती. कुणी खेळण्यातल्या यंत्रमानवात गेलं, कुणी दुकानाच्या पाटीवरचे दिवे लावायला गेलं. मला एका हौशी माणसाने नेलं आणि हौस फिटल्यावर जुन्या बाजारात टाकून दिलं. तिथल्या ढिगातून मला उचललं ते फू ग्वांगलूने.

ग्वांगलू हा बीरोंगचा नवरा. कित्येक वर्षं तो दक्षिणेत स्पीकर जोडायच्या कारखान्यात राबत होता आणि वर्षातून एकदा, नवीन वर्षाच्या सणाला घरी येत होता. बीरोंग लोकांना सांगायची, "आमचे हे ना, फोनमध्ये राहतात." त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन दूर गेली, घर रिकामं झालं, आणि ग्वांगलूचं कारखान्यात मन लागेना. तेवढ्यात गावाकडून निरोप आला की थानशेठ नावाच्या एका धनवंताने नदीकाठच्या छोट्या वीजघराला लागून लांबलचक पत्र्याची शेड घातली आहे आणि तिथली यंत्रं सांभाळायला माणूस हवा आहे. ग्वांगलूने बिऱ्हाड आवरलं. निघताना शंभर वस्तूंतून त्याने मला खिशात टाकलं.

त्या शेडला गावात सगळे खाण म्हणत. खाण म्हणायची, पण तिथे ना दगड ना कोळसा. बुटांच्या खोक्याएवढी शेकडो यंत्रं फळ्यांवर मांडलेली, आणि ती दिवसरात्र अवघड गणितं सोडवत बसलेली. ज्याचं गणित आधी सुटेल त्याच्या मालकाला एक नाणं मिळे, आणि ते नाणंही असं की हातात धरता यायचं नाही. वीजघरातले शे आजोबा म्हणायचे, "आयुष्यभर वीज तयार केली मी. लोकांनी दिवे लावले, भात शिजवला. आता हे लोक माझ्या विजेवर आकडे भाजतायत!" गणितं करताना यंत्रं तापत, आणि ती तापू नयेत म्हणून प्रत्येकाला पंखे होते. त्या पंख्यांचा आवाज इतका मोठा की शेडमध्ये माणसं एकमेकांच्या कानात तोंड घालून बोलत.

सुरुवातीला ग्वांगलू दिवसभर त्या भट्टीत फिरून प्रत्येक यंत्राला हात लावून बघायचा. कुठलं तापलं, कुठलं रुसून बंद पडलं हे शोधता शोधता त्याच्या नाकी नऊ आले. मग त्याला माझी आठवण झाली.

एका रविवारी त्याने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडला. मित्रांनो, माझ्या पोटात नखाएवढं एक कार्ड बसवतात. मला काय येतं, कुणाचं ऐकायचं, काय झालं की काय करायचं, हे सगळं त्या कार्डावर असतं. कार्ड नसेल तर मी नुसती पाटी. ग्वांगलू त्या कार्डावर एकेक गोष्ट भरत होता आणि टीव्हीवर पांढरी अक्षरं धावत होती. पण माझं काहीतरी बिनसलं होतं. मी उठायचो आणि कोसळायचो, पुन्हा उठायचो आणि पुन्हा कोसळायचो.

बीरोंग हात पुसत बाहेर आली. "माझी मालिका कुठंय? आज सासूचं बिंग फुटणार होतं!"

"थांब गं जरा. हे सारखं मरतंय."

"मरणारच. वीज कशातनं देतोयस त्याला?"

"माझ्या जुन्या फोनच्या चार्जरातनं."

"म्हणजे चिमटीभर भात घालतोस आणि नांगराला जुंपतोस. पोटभर दे की त्याला!"

ग्वांगलूने नवा, दणकट चार्जर लावला, आणि मी उठलो तो उठलोच. माझा लाल दिवा लागला, त्याच्या शेजारी हिरवा लुकलुकू लागला. लाल म्हणजे वीज मिळाली, हिरवा म्हणजे कार्ड वाचतोय. बीरोंग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघ, भूकच होती त्याला." ग्वांगलू हसला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." आमच्याकडे बायकोचं ऐकणाऱ्या नवऱ्याला मऊ कानांचा म्हणतात. ग्वांगलूचे कान तर गावातल्या सगळ्यांत मऊ.

तिनेच चहाचा डबा रिकामा करून दिला. ग्वांगलूने खिळ्याने त्याला हवेसाठी भोकं पाडली आणि मला आत बसवलं. घरातल्या शेंडेफळाला हाक मारावी तशी ती मला 'धाकटा' म्हणू लागली. मला काही भावना आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. पण त्या नावाने मला कुणी हाक मारली की हिरवा दिवा जरा जास्त लुकलुकतो, असं ग्वांगलू म्हणायचा.

खाणीत माझं काम सुरू झालं. शेडमधून तारा माझ्याकडे येत. कुठल्या यंत्राला ताप आला ते मला लगेच कळे. मी पंखे वाढवी, रुसलेल्या यंत्राला बंद करून पुन्हा चालू करी, आणि काही जास्तच झालं तर ग्वांगलूच्या फोनवर निरोप धाडी. तो घरी बसून गरम गरम जेवू लागला. थानशेठ आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "वा! एवढासा डबा आणि दहा माणसांचं काम करतो!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आता नदीचं सांगायला हवं. आमच्या वीजघराची रीत अशी की वरच्या बंधाऱ्यावर पाणी अडवायचं आणि डोंगरातल्या बोगद्यातून वीजघरात आणायचं. त्यामुळे बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंतचं नदीचं जुनं पात्र ऐन पुराचे दिवस सोडले तर कोरडंच असे. आणि आमच्या लोकांना रिकामी जमीन बघवत नाही. दगडांच्या मधे बादलीभर माती दिसली की कुणीतरी तिथे मुळे पेरणार, कुणीतरी लसणाची पात लावणार. वीजघराने पाट्या लावल्या, 'पात्रात उतरू नका.' बायका त्या पाट्यांना वालाचे वेल चढवू लागल्या.

खाणीतली यंत्रं बंद पडली की वीज कुणाला नको, मग बोगदा बंद आणि सगळं पाणी परत जुन्या पात्रात. खाणीच्या आधीही वीजघर थांबलं की हेच होई, म्हणून पूर्वीपासून शे आजोबा आधी तांब्याची मोठी थाळी बडवायचे. थाळी वाजली की लोक टोपल्या उचलून वर यायचे, आणि मग पाणी सोडलं जायचं. खाण आली आणि पंख्यांच्या गोंगाटात ती थाळी कुणाला ऐकूच येईना. एका सकाळी बीरोंग कोबी काढत होती. थाळी वाजून गेली, पाणी आलं. ती कशीबशी एका खडकावर चढली. टोपली गेली, एक बूट गेला. घरी आली तेव्हा ती हसत होती, "बुटाचं काय, तसा फाटलेलाच होता." पण ग्वांगलू तिच्यापुढे खाली बसला. त्याने तिचे ओले पाय फडक्याने पुसले आणि कितीतरी वेळ ते धरून बसला.

दुसऱ्याच दिवशी त्याने बाजारातल्या मिरच्या विकणाऱ्यांकडे असतात तसे दोन मोठे भोंगे आणले आणि पात्राच्या काठावर बांधले. मला नवं काम मिळालं. यंत्रं बंद करायची झाली तर आधी मी भोंग्यातून हाक मारायची, लोक वर येईपर्यंत थांबायचं, आणि मगच वीज तोडायची.

हाकेसाठी आवाज हवा होता. ग्वांगलू काठावर उभा राहिला, घसा साफ केला आणि बातम्या देणाऱ्यासारखा बोलू लागला, "सर्व ग्रामस्थांना नम्र सूचना..."

शे आजोबा ओरडले, "अरे, असं बोललास तर लोक अजून एक वाफा पेरून घेतील! घरी ओरडतोस तसा ओरड!"

"घरी तो कुठे ओरडतो?" पात्रातून बीरोंग म्हणाली. ती खाली लसणाची पात कापत होती. "घरी मी ओरडते!"

सगळे हसले. ग्वांगलूचे कान लाल झाले. त्याने पोटातून दम घेतला आणि त्याची स्वतःची, डोंगरी, फाटकी हाक दिली, "ए, पाणी आलं रे! या वर, सगळे या वर! मुळे राहू देत तिथंच!" बीरोंग मुद्दाम खाली वाकून पात कापतच राहिली. तेव्हा तो वैतागून ओरडला, "बीरोंग! तू पण! किती वेळा सांगायचं? ये वर!" आणि खालून तिचा हसरा आवाज आला, "आले रे, आले!"

ते सगळंच्या सगळं माझ्या कार्डावर उतरलं. ग्वांगलू शेवटचं कापून टाकणार होता. शे आजोबा म्हणाले, "राहू दे. तिचं नाव ऐकून बाकीच्या बायका तरी उठतील." म्हणून ते राहिलं.

तेव्हापासून मी हाक मारली की आख्खं पात्र हसत हसत वर येई. शेजारची चिन काकू बीरोंगला टोमणा मारी, "चल बाई, बोलावणं आलं तुझं!" आणि भोंग्यातली बीरोंग व पात्रातली बीरोंग दोघी एकदमच म्हणत, "आले रे, आले!" त्यानंतर नदीने कुणाची टोपलीसुद्धा नेली नाही. माझ्या आयुष्यातले तेच सोन्याचे दिवस. मी यंत्रांकडून नाणी किती काढली ते थानशेठना ठाऊक. माझ्या लेखी माझं खरं काम ती हाक होती.

पण खाणीला ऋतू असतात. पावसाळ्यात आमच्या नद्यांना पाणी भरपूर, वीज स्वस्त. हिवाळ्यात नद्या आटतात. मग यंत्रं ट्रकात भरून दूर उत्तरेला शिनच्यांगमध्ये न्यायची, कोळशाच्या विजेवर चालवायची आणि पावसाळ्याच्या आधी परत आणायची. मेंढपाळ मेंढरं नेतात तसं थानशेठ यंत्रांचे कळप हाकत. आधीची दोन वर्षं दुसरे लोक सोबत गेले होते. तिसऱ्या वर्षी थानशेठ म्हणाले, "ग्वांगलू, तो डबा तुझंच ऐकतो. तूच जा."

बीरोंगने भांडी आपटली. "तुझ्या धाकट्याला एकट्याला पाठव! घरी राहायला मिळावं म्हणून आलास ना? मग?"

"एक हिवाळा, बीरोंग. वालाला फुलं येतील तोवर आलोच."

"लवकर की उशिरा येणाऱ्या वालाला?"

"तू म्हणशील त्याला."

ती रडली नाही. तिने धुरावलेलं डुकराचं मांस, मिरच्यांची चटणी आणि आपल्या तिरफळासारखं जिभेला झिणझिण्या आणणारं मिरं त्याच्या पिशवीत कोंबलं. थंडीने माझं काही बिघडू नये म्हणून ग्वांगलूने मला डब्यासकट कोटाच्या आत, छातीशी ठेवलं. सगळा प्रवास मी त्याच्या छातीची धडधड ऐकत केला.

उत्तरेकडे सपाट, पांढरं माळरान होतं. खाण तशीच, पण नदी नाही. एकदा वीज तोडायची वेळ आली आणि मला जे माहीत होतं ते मी केलं. तिथल्या शेडला लावलेला भोंगा बर्फाच्या माळावर ओरडला, "ए, पाणी आलं रे! या वर!" तिथले कामगार पोट धरून हसले. "अरे, इथं थुंकी खाली पडायच्या आत गोठते, पाणी कुठलं आणतोस?" ग्वांगलूही हसला. सगळे गेल्यावर त्याने ती हाक पुन्हा एकदा लावली. "आले रे, आले" ऐकलं, आणि डब्यावरून हात फिरवला. तो रोज घरी फोन करी. वालाला पानं किती आली ते रोज विचारी.

मित्रांनो, यापुढचं मला भराभर सांगून टाकू द्या. शेडमध्ये झोपायला बंदी होती. कामगारांच्या खोल्या बाहेर, शेडच्या भिंतीला लागून, आणि प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी. ग्वांगलूच्या शेगडीचं धुराडं बर्फाने बुजलं होतं. कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नसतो, आवाज नसतो. थंडी म्हणून त्याने दारं खिडक्या गच्च लावून घेतल्या आणि झोपला. सकाळी तो उठला नाही. भिंतीपलीकडे मी जागाच होतो. शेकडो यंत्रांचा ताप मी डोळ्यांत तेल घालून मोजत होतो. एखाद्या यंत्राला जरा जरी चढला असता तरी मी ज्याला उठवलं असतं, तोच माणूस शेजारच्या खोलीत संपत होता, आणि त्याच्या खोलीतली हवा मोजायला मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सकाळी लोकांची पळापळ झाली, दार फोडलं गेलं. यंत्रं मात्र गणितं सोडवत राहिली.

त्याची राख घरी पोहोचली तेव्हा वालाला फुलं आली होती.

मी परत आलो तो यंत्रांबरोबर, खोक्यात. माझी जोडणी आता होउ नावाचा शहरातला एक कारागीर करू लागला. माणूस वाईट नव्हता. कार्डावरची हाक त्याला सापडली तेव्हा त्याने शे आजोबांना विचारलं, "हे कुणाचं? ठेवू की नवीन भरू?"

यावर वीजघराच्या ओट्यावर मोठी चर्चा झाली. चिन काकू म्हणाली, "मेलेला माणूस रोज बायकोचं नाव घेऊन हाका मारणार? नको गं बाई! मेलेल्याच्या हाकेला ओ दिली तर माणूस पाठोपाठ जातं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. आमच्या डोंगरात ही समजूत पक्की आहे. शे आजोबा म्हणाले, "जिचं नाव आहे तिला विचारा की!"

बीरोंग दारात शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "ओरडू द्या त्याला. जन्मभर त्याने माझं ऐकलं. आता मी त्याचं ऐकते."

चिन काकूने तिचा हात धरला. "ठीक. पण ओ देऊ नकोस हं, बीरोंग. शपथ घे."

"नाही देत," ती म्हणाली.

उन्हाळ्यात पहिल्यांदा यंत्रं थांबवायची वेळ आली. मी हाक मारली. "ए, पाणी आलं रे! या वर, सगळे या वर!" त्या दिवशी कुणी हसलं नाही. बायका खाली मान घालून टोपल्या उचलून निघाल्या. "बीरोंग! तू पण! किती वेळा सांगायचं? ये वर!" बीरोंग पात्राच्या मधोमध उभी होती. तिने ओठ दाताखाली धरला. भोंग्यातून तिचाच जुना, हसरा आवाज तिच्या अंगावर आला, "आले रे, आले!" शे आजोबा नंतर होउला म्हणाले, "पोरीला मी चाळीस वर्षं ओळखतो. पण हा आवाज तिचा होता हे आज मला खरं वाटेना."

पुढच्या खेपेला मात्र तिने ओ दिली. हळूच, स्वतःशीच. त्यानंतर ती प्रत्येक खेपेला देऊ लागली, आणि चिन काकू दुसरीकडे बघू लागली. बीरोंगला भाजीची गरज नव्हती. एकट्या बाईला असं किती लागतं? तरी ती रोज पात्रात उतरे, पेरे, खुरपे आणि वाट बघे. यंत्रं थांबवायला कुणी सांगितल्याशिवाय मी हाक मारू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं. कधी कधी ती होउला विचारी, "आज बंद नाही का करायचीत?" आणि तो बिचारा म्हणे, "वहिनी, आज सगळं ठीक चाललंय." तिचा चेहरा पडे. तो आवाज बाहेर काढून तिच्या फोनमध्ये घालून देता येतो, हे तिला माहीत नव्हतं. होउला सुचलं नाही. मला माहीत होतं, पण मला तोंड कुठे होतं? जे होतं ते ग्वांगलूचं होतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वरून, सरकारचा हुकूम आला. खाणी बंद. सगळ्या, आजच्या आज. थानशेठचा फोन आला, ते घाबरलेले होते. "होउ, यंत्रं उतरव, ट्रक पाठवतोय. आणि जिथे जिथे आपलं काही लिहिलेलं असेल ते मोडून टाक. कार्डं, बिर्डं, एक ठेवू नकोस."

घाई होती, तरी होउने खालच्या लोकांचा विचार केला. त्याने सरळ वीज तोडली नाही, मला हाक मारायला लावली. खाली बातमी आधीच पोहोचली होती. सगळ्यांना कळलं होतं की ही शेवटची. बायका वर गेल्या. बीरोंग थांबली. "ए, पाणी आलं रे!" ती भोंग्याखाली जाऊन उभी राहिली. "मुळे राहू देत तिथंच!" तिने डोळे मिटले. तिने शेवटचा शब्द संपेपर्यंत ऐकलं, ओ दिली, आणि नंतरच्या शांततेतही ती तशीच उभी राहिली. वरून लोक ओरडू लागले तेव्हा कुठे ती हलली. पाणी तिच्या घोट्यांना लागलं होतं.

ती घरी गेली नाही. उभ्या चढाची वाट धरून धापा टाकत खाणीकडे आली. शेडमध्ये आता कायमची शांतता होती. पंखे थांबले होते. होउने माझं झाकण उघडलं, नखाने माझं कार्ड बाहेर ओढलं आणि बाकीच्या कार्डांसारखं दोन बोटांत धरून मोडलं. कट्‌ असा बारीकसा आवाज झाला. तुकडे बादलीत पडले.

तेवढ्यात ती दारात आली. केस सुटलेले, चिखलाने माखलेले पाय. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"भाऊ, एक मागू? तो डबा... तो चहाचा डबा तेवढा मला द्या. बाकी काही नको."

"एवढंच ना वहिनी? घेऊन जा की. आता याचा कुणाला काय उपयोग?"

त्याने झाकण लावून डबा तिच्या हातात दिला. त्याला माहीत नव्हतं ती काय मागतेय, आणि तिला माहीत नव्हतं आपल्याला काय मिळालं नाही. तिला वाटत होतं, आवाज डब्यात असतो. तिने मला पदराआड झाकावं तसं जाकिटाच्या आत, छातीशी धरलं. मित्रांनो, मी पुन्हा एकदा धडधड ऐकली. वाटेत चिन काकू भेटली तेव्हा बीरोंग हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. म्हणाली, "घरी घेऊन चाललेय त्याला."

घरी येऊन तिने हात धुतले. मला त्याच टेबलावर ठेवलं जिथे मी पहिल्यांदा उठलो होतो. दणकट चार्जर शोधून लावला. "पोटभर घे रे धाकट्या," ती म्हणाली. माझा लाल दिवा लागला. तिने खुर्ची ओढली आणि हिरव्या दिव्याची वाट बघत बसली.

हिरवा दिवा लागला नाही. तिने तार काढली, पुन्हा लावली. डबा हलवला. दुसऱ्या चार्जरवर लावून पाहिलं. शेवटी होउला फोन केला. तो ट्रकात होता. "वहिनी, सगळं त्या कार्डात असतं हो..." एवढं बोलता बोलता त्याला कळलं. मग तो रडायलाच लागला. "मला का नाही सांगितलंत? दहा मिनिटं आधी आल्या असतात तर..."

दहा मिनिटं आधी ती पात्रात उभी होती. शेवटपर्यंत ऐकत होती.

"असू दे, भाऊ. सावकाश जा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मित्रांनो, तुम्ही विचाराल की कार्ड नाही तर तुला हे सगळं आठवतं कसं? मलाही कळत नाही. शब्द आठवतात. तो काय ओरडला, ती काय म्हणाली, हे मी तुम्हाला सांगू शकलो. पण तो आवाज मला कितीही खटपट केली तरी सापडत नाही. तो फाटका होता, डोंगरी होता, हे मी सांगतो खरा. ऐकू मात्र मलाही येत नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरात जुना फोन असेल, बंद पडलेलं एखादं यंत्र असेल, तर ते पुसण्याआधी, मोडण्याआधी, भंगारात देण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, आत कुणी आहे का? कुणाचं हसू, कुणाची हाक, कुणाचं नुसतं खोकणं असेल. आधी ते बाहेर काढून घ्या. आणि घरात कुणी काही मागितलं तर ते का हवंय, हेही विचारा. आम्हाला सांगता येत नाही, आणि माणसं फार उशिरा सांगतात.

आता खाण नाही. गावाला वीज आता शहराकडून येते, आमच्या वीजघराची घ्यायला कुणी नाही, म्हणून बोगदा बंद असतो आणि जुन्या पात्रातून नदी भरून वाहते. वाफे गेले, भोंगे गंजले. रोज संध्याकाळी भात शिजायला ठेवला की बीरोंग मला चार्जर लावते. माझा लाल दिवा लागतो. मी सगळी ताकद लावतो, पण मला हाक मारता येत नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघते. मग चुलीकडे वळते आणि रोजच्यासारखं हळूच म्हणते, "आले रे, आले."